दुष्काळातलं हाड

डॉक्टर काकू,

मी अंबाजोगाईत शिक्षिका आहे, वय ३७. आई धारूर तालुक्यात गावाकडं भावाजवळ राहते. कागदावर तिचं वय ६२. दीड वर्षापासून तिला जमिनीवरून नीट उठता येत नाही. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर, मग ‘इठ्ठला’ म्हणत कशीबशी उभी राहते. श्रावणात न्हाणीत पडली आणि मनगट मोडलं. भाऊ म्हणतो, म्हातारी नाटकं करते, सुनेनं सगळं हातात आणून द्यावं म्हणून. माझ्या सासूबाई ७० च्या आहेत, त्या अजून शिडीनं माळवदावर चढून पापड वाळवतात. आईला विचारलं की म्हणते, ‘बहात्तरचं हाड हाय माय हे. दुष्काळात वाळलेलं. आता काय पालवी फुटती व्हय त्याला?’ १९७२ च्या त्या दुष्काळात ती नऊ वर्षांची होती, आजीबरोबर खडी फोडायच्या कामावर जायची. पंधराव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी भाऊ. पुढं पंचवीस-तीस हंगाम ऊसतोड. (मधे गर्भपिशवी काढली, तेव्हा ३५ ची असेल.) माळकरी आहे. लहानपणच्या उपासमारीचा त्रास इतक्या वर्षांनी होतो का? आणि होत असेल तर आता काही करून उपयोग आहे का? अजून एक. माझी मुलगी जन्मली तेव्हा २ किलो २०० ग्रॅमची होती. आता ६ वर्षांची आहे, नुसती काडी. तिचंही आईसारखं होईल या धास्तीनं मी तिला दिवसभर काहीतरी भरवत असते. चुकतंय का माझं?

—

लेकी,

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू कंसात टाकलीस आणि दुसरी एका ओळीत उरकलीस. त्या दोन्हींकडं येतेच. आधी आईच्या वाक्याबद्दल, कारण ती अर्धं खरं बोलतेय आणि उरलेल्या अर्ध्यानं तिचं नुकसान होतंय.

मीही त्याच काळातली. बहात्तरला आठ वर्षांची होते, परभणी जिल्ह्यातल्या खेड्यात. वडील प्राथमिक शिक्षक, त्यामुळं पगार कमी का होईना पण महिन्याला यायचा. सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) वाटायचे तेव्हा मी ती आवडीनं खायची. माझ्या शेजारच्या मैत्रिणीचं घर मात्र त्या सुकडीवर आणि लाल मिलोच्या (बाहेरून आलेल्या ज्वारीच्या) भाकरीवर जगत होतं. दुसरीत असताना आम्ही दोघी दाराच्या चौकटीला पाठ लावून डोक्यावर कोळशाची रेघ मारायचो, रेघा बरोबरीच्या. वीस वर्षांच्या झालो तेव्हा मी तिच्यापेक्षा चार बोटं उंच होते. दोन पावसाळे कोरडे गेले तर माणसाच्या अंगावर काय उमटतं, ते मी वैद्यकीय महाविद्यालयात जायच्या आधी त्या चौकटीवर पाहिलंय.

आता यातलं शास्त्र. हाड वाळत नाही, ते भरायचं राहून जातं. आपल्याकडं पूर्वी जमिनीत धान्याचं पेव असायचं. सुगीत भरायचं आणि मग वर्षभर त्यातलं काढून खायचं. शरीराचंही तसंच चालतं. हाडांचा आणि स्नायूंचा भरणा साधारण तिशीपर्यंत होतो, पुढं काढून खाणं सुरू. पोट रिकामं असलं की वाढतं शरीर आधी मेंदू सांभाळतं; हाड, स्नायू, उंची यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. त्यात दूषित पाण्यानं वरचेवर हगवण लागली की खाल्लेलंही अंगी लागत नाही. म्हणून तुझ्या आईचं पेव तोंडापर्यंत कधी भरलंच नाही. साठीनंतर तिचं आणि तुझ्या सासूबाईंचं धान्य एकाच वेगानं कमी होत असलं तरी तळ आईचा आधी लागणार. आणि जमिनीवरून उठायला जेवढी ताकद लागते ती काही गरीब-श्रीमंत बघून कमी-जास्त होत नाही.

हे मी मनचं सांगत नाही. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या ५,३६२ मुलांच्या मागावर संशोधक जन्मभर राहिले. ती माणसं ५३ वर्षांची झाली तेव्हा परिचारिकांनी घरोघरी जाऊन त्यांची मुठीची ताकद मोजली, खुर्चीतून उठबस करायला लावली, एका पायावर उभं केलं. जन्मताना ज्यांचं वजन कमी होतं त्यांची मूठ सरासरीनं कमी ताकदीची निघाली. ज्यांचे वडील अंगमेहनतीची कामं करायचे ती मुलं खुर्चीतून उठण्यात आणि तोल सांभाळण्यात मागं पडली, तेही अर्धं शतक उलटल्यावर. आपल्याकडं २०१७-१८ साली ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांचं सर्वेक्षण झालं. त्यातही मूठ मोजली, आणि ‘लहानपणी तब्येत कशी होती, घरची परिस्थिती कशी होती’ असे प्रश्न मुद्दाम विचारले. म्हातारपणाची चौकशी लहानपणापासून करायची असते, हे आता सगळ्यांना पटलंय. तुझ्या आईला आधीच पटलेलं होतं.

पण ‘सरासरीनं’ हा शब्द नीट वाच. तो हजारो माणसांबद्दल आहे, एका आईबद्दल नाही. दुष्काळात वाढलेल्या आणि सत्तरीत खुरपायला बसणाऱ्या बायाही मी तपासल्यात.

आता तिचं अर्धं खोटं. बहात्तरचा दुष्काळ तिला नवव्या वर्षी गाठून गेला. नऊ वर्षांच्या पोरीला पुढं बरंचसं भरून काढता येतं. वयात येतानाची दोन-चार वर्षं हाडांच्या भरण्याची खरी सुगी असते, तेव्हा नीट खायला मिळालं असतं तर खूप फरक पडला असता. तिला त्या सुगीत नवरा मिळाला. स्वतःची वाढ चालू असताना पोटात तुझा भाऊ, मग अंगावर पाजणं. पुढचे पंचवीस-तीस हंगाम ती मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवरून चढली. तेव्हा सगळं माप दुष्काळाच्या पदरात घालू नकोस. दुष्काळ आभाळाकडून आला, पुढचं माणसांनी केलं.

आणि तो कंस. पिशवी पस्तिसाव्या वर्षी काढली. बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या बायांमध्ये हे किती सर्रास झालं ते तुला मी काय सांगू; २०१९ मध्ये राज्य सरकारला त्यावर समिती नेमावी लागली. ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, न्हाणी नाही, संडास नाही, खाडा पडला की पैसे कापणार, आणि पाळी तर दर महिन्याला यायची. पिशवी काढली की कटकट मिटली, असं मुकादमापासून दवाखान्यापर्यंत सगळेच समजावायचे. पुढं हाडांचं काय होईल हे त्या बायांना कुणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही. पिशवीबरोबर अंडाशयही काढली असतील तर हाडं धरून ठेवणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्याच दिवसापासून जवळजवळ बंद होतं. ठेवली असली तरी काही जणींत ती लवकर थकतात. आपल्याकडं बाईची पाळी साधारण ४६-४७ ला जाते. तुझ्या आईचं पेव त्याच्या अकरा-बारा वर्षं आधीच उपसायला सुरुवात झालेली असू शकते. ऑपरेशनचा कागद ट्रंकेत कुठंतरी असेल, शोध. त्यावर अंडाशयांचं काय केलं ते लिहिलेलं असतं.

आता तू एका ओळीत उरकलेलं मनगट. उभ्या उभ्या घसरून पडल्यानं साठीतल्या बाईचं हाड मोडतं तेव्हा आम्ही ते ठिसूळ हाड समजतो, तपासून तसं नाही असं दिसेपर्यंत. प्लास्टर काढलं म्हणजे विषय संपला असं नाही. मनगट ही पहिली सूचना असते, पुढचा नंबर पाठीच्या मणक्याचा नाहीतर खुब्याचा. खुबा मोडला की उठणं-बसणं दूरच, माणूस खाटेला लागतं. म्हणून दिवाळीची वाट बघू नकोस. तुझ्या गावातच स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. अस्थिरोग विभागात आईला घेऊन जा आणि दोन गोष्टी आपणहून सांग: मनगट कसं मोडलं आणि पिशवी कधी काढली. हाडांची घनता मोजायची डेक्सा तपासणी कुठं करायची ते डॉक्टर सांगतील. ठिसूळपणा निघालाच तर आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन असे उपचार आहेत. कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा कुणी हातात देऊन वाटेला लावलं तर तेवढ्यावर परत येऊ नकोस.

रक्तात हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि बी-१२ बघून घे. बी-१२ विसरू नकोस. आई माळकरी, म्हणजे मटण-अंडी वर्ज्य, आणि दूध बहुतेक नातवंडांच्या वाट्याला जात असणार. बी-१२ कमी झालं की पायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, आणि घरचे म्हणतात गुडघे गेले. जाता जाता तिचे दातही बघ. लहानपणापासून पिवळे-तपकिरी डाग असतील आणि मान-पाठ आखडलेली असेल तर डॉक्टरांना पाण्यातल्या फ्लोराइडबद्दल विचार. आपल्या नांदेडकडं, किनवटच्या बाजूला, बोअरच्या पाण्यानं असं झालेली गावं आहेत. ते डाग दात घडतानाच पडतात, साधारण आठ वर्षांच्या आत. लहानपणी कुठलं पाणी प्यायलं याची नोंद तोंडातच असते.

उपयोग आहे का, असं विचारतेस. १९९० साली अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचे व्यायाम दिले. सरासरी वय नव्वद. पायांची ताकद सरासरीनं पावणेतीन पट झाली. नव्वदीत! तुझी आई बासष्टची आहे. तिशीनंतर पेवात भर पडत नाही असं माझ्या वरच्या उपमेवरून वाटेल, पण स्नायूंच्या बाबतीत उपमा तिथं फसते. हाड पुन्हा भरणं अवघड. स्नायू कुठल्याही वयात ऐकतो, फक्त त्याला काम आणि खाणं दोन्ही लागतं.

‘जल्मभर राबले, आता कसरत करू व्हय?’ असं ती म्हणणारच. माझ्याकडं येणारी प्रत्येक बाई म्हणते. तिला सांग, ऊस तोडणं हा व्यायाम नव्हता. उपाशीपोटी, विश्रांतीशिवाय उचललेल्या ओझ्यानं अंग झिजतं. आता करायचंय ते वेगळं.

आधी मोजमाप. भिंतीला टेकवून एक पक्की खुर्ची ठेव, हलकी प्लास्टिकची नको. आईनं दोन्ही हात छातीशी धरायचे, पूर्ण उभं राहायचं आणि पूर्ण बसायचं, असं पाच वेळा. तू शेजारी उभी राहा आणि मोबाईलवर सेकंद मोज. आशियातल्या लोकांसाठी ठरवलेली रेघ १२ सेकंदांची आहे. तेवढे किंवा जास्त लागले तर ताकद कमी पडतेय. हात न टेकता उठताच आलं नाही तर तसं लिहून ठेव, तोही निकालच. मोजमाप तुझ्या भावाकडून करून घेतलंस तर अजून बरं. माय तिसऱ्या वेळेला मांडीच्या थरथरीनं थांबते हे त्यानं स्वतः बघितलं की ‘नाटकं’ हा शब्द त्याच्या तोंडून निघणं अवघड होईल. थरथर ठरवून आणता येत नाही.

मग तीच खुर्ची औषध. सीट खोल वाटली तर गोधडीची घडी टाकून उंच कर. सुरुवातीला हात मांड्यांवर टेकले तरी चालतील. जपमाळेचे आठ मणी, आठ वेळा उठणं. थोडं थांबून पुन्हा आठ मणी. एक दिवसाआड. चौकटीला धरून टाचा उचलायच्या दहा वेळा. ओट्याच्या पायरीवर एक पाय, मग दुसरा, खाली, परत वर. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर दुखू दे. गुडघा सुजला तर थांबून दाखवायचं. कमरेत झटक्यानं वाकून जड उचलणं मात्र हाडांचा अहवाल येईपर्यंत बंद. महिन्यानं गोधडी काढ, मग हात काढ. एखाद्या फिजिओथेरपिस्टनं एकदा समोर करून घेतलं तर उत्तम. न्हाणीत खरबरीत फरशी किंवा रबरी पट्टी, भिंतीला एक दांडी, रात्री एक दिवा. दांडी सुताराकडून बसवून घे.

खाण्याचं सांगताना मला नेहमी अडखळायला होतं, कारण आपल्या घरांत सगळ्यांत शेवटी जेवणारी बाईच सगळ्यांत कमी खाते आणि तिलाच मी ‘जास्त खा’ म्हणते. तरी हिशेब बघ. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागं १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. आई ४५ किलोची असेल तर ४५ ते ५४ ग्रॅम. ज्वारीच्या एका भाकरीत सहा-सात ग्रॅम, म्हणजे तीन भाकरी आणि ठेच्यावर वीसच्या आसपास गाडी अडकते. घट्ट वरण किंवा मटकी-हुलग्याची उसळ दोन्ही वेळेला, मूठभर शेंगदाणे, वाटीभर दही, रात्री दूध. दूध तिच्यासाठी वेगळं काढून ठेव, नातवांचा हंडा रिकामा झाल्यावर उरेल ते नाही. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरव.

आता तुझी काडी. चुकतंय का, तर हो, थोडं चुकतंय, आणि कारण समजून घे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करताहेत. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण हलकेपणा स्नायूंत होता. चरबी त्या मानानं कमी झालेली नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीचं. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांचाही असाच पाठपुरावा झाला. तरुणपणी ज्यांची साखर बिघडली ती मुलं दोन वर्षांची असताना बारीक होती आणि नंतर उंचीच्या मानानं त्यांचं वजन भराभर वाढत गेलं होतं. म्हणजे हलक्या जन्मलेल्या लेकराला सहाव्या वर्षी बिस्किटं, पेढे आणि डब्यातली गोड पावडर घालून गुबगुबीत करणं हे आजीच्या दुखण्यावरचं औषध नाही, साखरेच्या दुखण्याला निमंत्रण आहे. तिची उंची आणि वजन शाळेच्या तपासणीत वयाच्या तक्त्यावर बघून घे. उंची आपल्या रेघेनं वाढत असेल तर काडी असू दे. तिला घरचं तीन वेळचं जेवण, अंडं चालत असेल तर अंडं, आणि झाडावर चढायला, दोरीच्या उड्या मारायला, उन्हात लंगडी घालायला मोकळं सोड. हाडं उड्यांनी भरतात. तिचं पेव भरायला अजून वीस-बावीस वर्षं आहेत आणि ते भरताना तुझ्या आईसारखं मधेच कुणी झाकण लावणार नाही, एवढं तू बघायचंस. मुलगी शिक्षिकेची आहे, त्यामुळं त्याची मला फार काळजी नाही.

काळजी वाटते ती दुसऱ्याच माणसाची. सतरा वर्षांच्या, अर्धपोटी आईच्या पोटात वाढलेलं बाळ तुझ्या घरात एकच आहे, आणि ते आज पंचेचाळिशीत आहे. त्याचं जन्मवजन कुणी केलं नसेल, पण ते किती असेल याचा अंदाज तुला-मला येतो. आता ऊस सुटला, मोटारसायकल आली, आणि पोट थोडं पुढं आलंय का? पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर गेला की आपल्या लोकांत साखरेचा आणि हृदयाचा धोका वाढतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब फुकट तपासतात. आईला खुर्चीवर बसवाल त्याच दिवशी त्यालाही उभा कर आणि शिंप्याची टेप लाव. बहात्तरचं हाड आईचं असेल, पण त्या हाडातला वाटा त्यालाही आलाय, आणि हे त्याला भांडणाच्या सुरात सांगू नकोस.

पुढच्या पत्रात दोन आकडे कळव. आईचे सेकंद आणि भावाचा घेर.

तुझी,
डॉक्टर काकू